पिल्लांची तिन्हीसांज

आषाढ अर्धा सरला की मी माळ्यावर चढतो आणि पिवळ्या बल्बांचं खोकं खाली काढतो. एकेक बल्ब कानाशी धरून हलकेच हलवायचा. आत तार किणकिणली तर तो मेला, गप्प राहिला तर जिवंत. हे असले तारेचे बल्ब आता दुकानात मागायला गेलं की दुकानदार आधी माझ्याकडे आणि मग माझ्या चपलांकडे बघतो. या माणसाच्या घरी अजून वीज पोचली की नाही, असा त्याला प्रश्न पडत असावा. त्याला कसं सांगू की बाबा रे, मी स्वतःच लायटीवाला आहे.

यंदाही खोकं काढलं. पहिलाच बल्ब कानाशी धरला, तो किणकिणला, आणि त्या एवढ्याशा आवाजासरशी ती चवथ, गणेशचतुर्थीची ती संध्याकाळ, पुन्हा अंगावर आली. गोदामातला ओला अंधार, टाक्यांतला बुडबुड आवाज, बाहेर कनाती धरून उभी असलेली भजनी मंडळी, आणि मधोमध मी, एक बटण चिमटीत धरून स्टुलावर बसलेला.

माझा धंदा मंडप आणि लायटिंगचा. खारेपाटणापासून दोडामार्गापर्यंत ज्या देवळाच्या जत्रेत तुमचे डोळे दिपले असतील, तिथे माझा हात असण्याची बरीच शक्यता आहे. लोकांना माझं नाव ठाऊक नसतं. ‘लायटीवालो इलो’ एवढ्यावर भागतं. वसंत हे नाव फक्त रेशनकार्डावर आणि बायकोच्या रागात शिल्लक आहे. या धंद्यातली गंमत अशी की आठ महिने घर मला ओळखत नाही आणि पावसाळ्यात मी घराला नकोसा होतो. मंडप बंद, जत्रा बंद, समोर खाडीला होड्या उलट्या करून ठेवलेल्या. कापडं घड्या करून डांबरगोळ्यांत पुरलेली. मीही तसाच, मागच्या दाराच्या कट्ट्यावर घडी करून ठेवलेला. नलू, म्हणजे माझी बायको, केरसुणी घेऊन आली की पाय वर घ्यायचे, गेली की खाली सोडायचे.

असल्याच एका पावसाळ्यात तन्वी गोव्याहून परत आली.

तन्वी आमचं एकुलतं एक चेडू, म्हणजे मुलगी. माशांचं शास्त्र शिकली, पण नोकरी लागली ती औषधाच्या कारखान्यात. गोळ्या पाकिटात नीट बसल्या की नाही हे बघायचं. मोठा पांढरा हॉल, खिडकी नाही, वर अष्टौप्रहर पांढराशुभ्र उजेड. पाळी दिवसाची असो की रात्रीची, आत गेलं की उजेड तोच. ती मला एकदा म्हणाली होती, ‘‘बाबा, थंय सावलीच पडत नाय. मी कितीदा बघलंय, पायाकडे सावलीच नाय.’’ मी हसलो होतो. उजेड जितका जास्त तितका चांगला, एवढंच मला धंद्याने शिकवलेलं. कुणीतरी सावलीसाठी हळहळेल हे डोक्यातच आलं नाही.

आजारपणाची रजा घेऊन ती आली, तेव्हा तिची झोप गेली होती. काळोख्या खोलीत, दार लावून, डोळ्यांवर ओढणी बांधून पडायची, आणि तरी म्हणायची, आत उजेड दिसतो. नलूने खसखस दिली, जायफळ दिलं, देवाला नारळ सांगितला. तन्वी टक्क जागी. दिवसा मात्र परसात उभ्याउभ्या पेंगायची, गुरांच्या गोठ्यातली बत्ती गेल्यावर गाय पेंगते तशी. साहेबांचे फोन येत. ती मराठी बदलून बोले, ‘‘हो सर, गणपती झाले की कळवते सर.’’ फोन ठेवला की कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत बसे.

आणि एक दिवस तिने माझं गोदाम मागितलं.

घराला लागूनच हे गोदाम. एक बाजू देवघराच्या भिंतीला चिकटलेली, दुसऱ्या बाजूला खळं, म्हणजे सारवलेलं अंगण, आणि खळ्याकडच्या भिंतीला वारा यायला सिमेंटची जाळी. तिथे तिला टाक्या मांडायच्या होत्या. जिताड्याची पिल्लं आणायची. जिताडा म्हणजे गोव्याकडचे ज्याला चोणाक म्हणतात तो. एका मोठ्या हॅचरीतून डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी पिल्लं पिशवीतून येणार, ती इथे बोटाएवढी करायची आणि खाडीत पिंजरे टाकून मासे वाढवणाऱ्यांना द्यायची.

‘‘चवथीपर्यंत बोटाएवढी झाली तर मी हयच रवान,’’ ती म्हणाली. ‘‘नाय झाली तर कारखान्यात परत जायन. मगे तुमी माका थांबवूचा नाय.’’

हे तिने जेवताना सांगितलं, भात कालवता कालवता, जसं काही उद्या बाजारात जायचं आहे. नलू तोंडाला पदर लावून आत गेली. मी आमटी वाढून घेतली. त्या दिवसापासून आमच्या घरात चवथ ही चवथ राहिली नाही.

मला वाटलं होतं, टाकी, पाणी, खाणं, संपलं. मासे वाढवायला उजेडाचा काय संबंध? समुद्रात कोण बसलाय बटणं दाबत? पण पिशवी पाण्यात उघडली त्याच दिवशी तन्वीने माझे डोळे उघडले. ही पिल्लं डोळ्यांनी शिकार करतात. उजेड कमी पडला तर पुढ्यातला किडा त्यांना दिसत नाही, उपाशी मरतात. जास्त झाला तर बावरतात, एकमेकांवर चढतात. एका कोपऱ्यात उजेड आणि बाकी काळोख असला तर सगळी त्या कोपऱ्यात गर्दी करून चेंगरतात. थोडी मोठी झाली की लखलखीत उजेडात एकमेकांना चावतात, मोठं लहानाला गिळतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदम. एकदम उजेड किंवा एकदम काळोख. मग ती सैरावैरा सुटतात आणि टाकीच्या भिंतीवर आपटतात.

‘‘मगे चोवीस तास लावन ठेवया,’’ मी धंद्याला जागून म्हणालो.

‘‘ठेवतत बरेच जण. खातत जास्त, वाढतत बेगीन. पण काहींची पाठ वाकडी होता, बाबा.’’ ती टाकीवर ओणवी होती. ‘‘निजूक नको तेंका?’’



समुद्रात सूर्य कसा सावकाश उगवतो आणि सावकाश बुडतो, तसं या गोदामात व्हायला हवं होतं. आणि त्यासाठी लागणारं यंत्र माझ्याकडेच निघालं. नाटकांच्या स्पर्धेसाठी मी एके काळी एक डिमर घेतला होता. नायिका मरते तेव्हा रंगमंच हळूहळू काळोखा करायचा, त्यासाठी. हा डिमर फक्त तारेच्या बल्बावर चालतो, म्हणून ते खोकं. स्पर्धेत नायिका मरून प्रेक्षक घरी गेले तरी माझा काळोख पुरा होत नसे, असा माझा लौकिक. इथे तोच कामाला आला. आपोआप चालणारं उपकरण मिळतं म्हणे, पण ‘‘तुमी आसास मा रिकामे?’’ असा नलूने निकाल दिला.

अशा रीतीने मी सूर्य झालो.

ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात सूर्याइतका अडकलेला प्राणी दुसरा नसेल. पहाटे कोंबड्याच्या आधी उठून बटण कणाकणाने वर न्यायचं, तिन्हीसांजेला कणाकणाने खाली. मध्ये कुठे जायचं नाही, कारण लाईट गेली तर ती येईल तेव्हा भसकन येऊ नये म्हणून धावत जाऊन बटण शून्यावर न्यायचं. आमच्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते हे मी सांगायला नको. हवेच्या पंपांना बॅटरी होती. सूर्याला नव्हती. मालवणात काम निघालं तरी मी जात नसे. मेव्हण्याच्या मुलाच्या साखरपुड्याला घरून एकटी नलू गेली. कुणी विचारलं तर ती सांगे, ‘‘ते घराक आसत. काळोख करूचो आसा तेंका.’’ लोकांनी काय समजायचं ते समजावं.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. खारं पाणी, डांबरगोळ्या, ओल्या कापडाचा कुबट वास, आणि त्यात पिल्लांच्या खाण्याचा, शेवाळासारखा. जाळीतून पावसाचा आवाज यायचा पण पाऊस दिसायचा नाही. स्टुलावर बसून बसून माझी कंबर धरली. वाटायचं, टाकीत पिल्लं आणि टाकीबाहेर आपण, फरक फक्त आपल्याला कुणी वेळेवर खायला घालत नाही एवढाच. मग नलू चहा आणून द्यायची आणि तोही फरक मिटायचा.

पण ती तिन्हीसांजेची घटका. बटण खाली येऊ लागलं की पिल्लं आधी पळापळ थांबवत. मग घोळका सैल होई, जत्रेतली माणसं पांगतात तसा. मग एकेक पिल्लू जागच्या जागी स्थिर होऊन किंचित खाली उतरे, आणि शेवटच्या पिवळट काळोखात नुसते डोळे चमकत. मी आयुष्यभर लोकांची झोप उडवून पोट भरलं. कुणाला निजवण्याचं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं. तन्वी उपड्या बालदीवर बसून हे रोज बघायची. पिल्लं निजत, ती नाही. काळोख झाला की तिचेही डोळे तसेच चमकत राहत, आणि मला ते बघवत नसे. म्हणून मी म्हणायचो, ‘‘चल गो, जेवक.’’ आणि आम्ही चाचपडत बाहेर यायचो.

चवथ जवळ आली. पिल्लं करंगळीच्या दोन पेरांपर्यंत आली होती. तन्वी रोज टाकीकाठी हात धरून आपलं बोट आणि पिल्लू ताडून बघायची. मीही ती नसताना माझं बोट धरायचो. माझी बोटं जाड, त्यामुळे पिल्लं आणखीच लहान दिसायची.

आमच्याकडे चवथीत वाडी कशी असते ते मुंबईहून आलेल्याला विचारावं. घराघरावर माळा, खळ्यात फोकस, गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला बांधलेल्या नारळ-काकड्यांवरही रंगीत उजेड. त्यातल्या निम्म्या माळा माझ्याच, भाड्याने गेलेल्या. फक्त आमचं घर काळोखात. खळ्यात बल्ब लावला तर जाळीतून गोदामात जातो, म्हणून देवासमोर समई आणि बाकी सगळं गप्प. येणाजाणाऱ्याला फुकटची करमणूक झाली.

‘‘लायटीवाल्याचो गणपती काळोखात! काय रे वशा, बिल भरूक नाय?’’

‘‘अरे, देवाक तरी दिसान दी आपण खंय बसलो तो!’’

यातला दुसरा टोमणा गुंडू बुवांचा. बुवा आमच्या वाडीच्या भजनाचे मुख्य. गळा असा की पलीकडच्या तीरावरचे कुत्रे जागे होतात. घरोघर आरती आणि भजन करत ते फिरतात, आणि प्रत्येक घरी शेवटी गाऱ्हाणं घालतात. देवाला खड्या आवाजात साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणून गर्जायचं. बुवांच्या गाऱ्हाण्यावर आजवर देवाने कधी ‘ऐकू आलं नाही’ असं म्हटलेलं नाही.

चवथीच्या दुपारी माझा थोरला भाऊ मुंबईहून आला. आम्ही त्याला भाई म्हणतो. दोन हातांत दोन पिशव्या, तोंडात वाटेतल्या खड्ड्यांची हकीकत. मी त्याला गोदाम दाखवलं, उजेडाचं सगळं सांगितलं. तो ‘हां, हां’ म्हणाला. पण मला वाटतं, त्याने पिल्लं ऐकली आणि काळोख बघितला. धाकट्या भावाचं घर, सणाच्या दिवशी, सबंध वाडीत एकटं काळं.  आमच्यात तिन्हीसांजेला घरात काळोख ठेवत नाहीत. आई असताना ती गोठ्यापासून न्हाणीपर्यंत सगळीकडे क्षणभर का होईना दिवा दाखवून यायची. भाई त्या आईच्या हाताखाली वाढलेला.

त्या संध्याकाळी मी स्टुलावर होतो. बटण निम्म्यावर आलेलं. तन्वी बालदीवर. पिल्लांचा घोळका नुकता सैल व्हायला लागला होता. खळ्यात भजनी मंडळी येऊन टेकत होती, टाळ हळूच एकमेकांना लागत होते. तेवढ्यात बाहेरून भाईचा आवाज आला, अगदी आनंदाचा.

‘‘वशा, बाहेर बघ! घर कसा उजळून टाकलंय!’’

त्याने माळ्यावरचे माझे हॅलोजन काढले होते. खळ्याच्या कडेला उभे करून, तोंडं घराकडे. उजेड जाळीतून आत आला तो पट्ट्यापट्ट्यांनी, पांढरा, सुरीसारखा. आणि मग मी तो आवाज ऐकला. परातीत वरून तांदूळ सोडावेत तसा. पिल्लं प्लास्टिकच्या भिंतीवर आपटत होती.

मी ओरडलो, ‘‘बंद कर! भाई, बंद कर!’’

‘‘बंद करू नकात!’’ तन्वी माझ्यावर ओरडली. ती उभी होती, हात पसरून, जशी काही तीच तो उजेड अडवणार होती. ‘‘आता एकदम काळोख केलास तर परत आपटतली. कोणी बटनाक हात लावूचो नाय!’’

बाहेर टाळ थांबले. भाईचा चेहरा जाळीपलीकडे दिसला, पट्ट्यापट्ट्यांचा. ‘‘काय चुकला माझा?’’ तो म्हणाला.

‘‘बाबा, आतले सगळे बल्ब वाढवा. हळू. पट्टे नको, सगळीकडे सारखो उजेड होऊन दी.’’

मी बटण वर न्यायला लागलो. आयुष्यात इतक्या सावकाश मी काही केलं नसेल. पिवळा उजेड चढत गेला, पट्टे फिके झाले, परातीतला आवाज विरळ झाला. थांबला नाही. आता बाहेरचा उजेड हळूहळू कमी करायचा होता, आणि हॅलोजन डिमरवर नव्हते. ते एक तर पेटलेले असतात, नाहीतर नसतात. मी हॅलोजनकडे बघत होतो, तन्वी माझ्याकडे बघत होती. आणि मग माझ्या तोंडातून निघालं, ‘‘कापडां.’’

मंडपवाल्याच्या घरात कापडांना काय तोटा. नलूने ढीगच बाहेर आणला. आधी पातळ पांढरी, झालरीची. गुंडू बुवांनी टाळ कमरेला खोवले आणि मंडळींना जाळीसमोर एका रांगेत उभं केलं. एक कापड जाळीवर वर धरायचं. मी आत बटण केसभर खाली आणायचं. तन्वी टाकीत बघणार, तिने मान हलवली की दुसरं कापड. पांढऱ्यावर पिवळं. पिवळ्यावर केशरी. मग लग्नातलं ते गुलाबी सॅटिन. गोदामातला उजेड दर कापडाला रंग बदलत होता, आणि त्या रंगांत पिल्लं वर येत होती, खाली जात होती. शेवटी जाड कनाती. जी माणसं आरतीला आली होती ती हात उंच करून कापडं धरून उभी होती, आणि मी आत बसून माझ्या जन्मातला सगळ्यात लांब सूर्यास्त करत होतो. एका कापडामागे कुणीतरी शिंकलं तर बुवा कुजबुजले, ‘‘शिरा पडो तुझ्या तोंडार, कापड हलला!’’

शेवटची कनात लागली. माझं बटण शून्याला टेकलं. आत काळामिट्ट काळोख. बुडबुड आवाज तेवढा. आपटणं थांबलं होतं.

‘‘तनू,’’ मी म्हणालो.

मी पुन्हा हाक मारली.

‘‘तनू गो.’’

मी स्टुलावरून उठलो. चाचपडत गेलो. हाताला आधी टाकीचा काठ लागला, मग तिचे केस. ती बालदीवरून खाली सरकली होती, पाठ टाकीला लावून, मान एका बाजूला, तोंड उघडं. ओढणी गळ्यात होती. डोळ्यांवर बांधायची राहून गेली होती. ती घोरत होती. अगदी बारीक, लहानपणी घोरायची तशी.

मी जाळीपाशी जाऊन हळूच म्हणालो, ‘‘भाई, चेडू निजला.’’

‘‘चेडू निजला,’’ हे त्या रांगेतून तोंडातोंडी गेलं. ‘‘चेडू निजला. गप.’’ आणि मग एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. कनाती धरणाऱ्यांना कनाती सोडता येईनात, सोडल्या तर उजेड. हॅलोजन बंद करता येईना, ते बंद होताना ठप्प आवाज करतात. आरती म्हणता येईना. देव समोर समईच्या उजेडात बसलेला, मोदक निवत चाललेले, आणि सबंध वाडीची भजनी मंडळी हात वर करून, जागच्या जागी अडकलेली. त्यात माझा भाऊ सगळ्यात मोठी कनात धरून. मी परत येऊन मुलीजवळ बसलो होतो, तर मलाही हलता येईना, कारण माझं धोतर तिच्या पाठीखाली आलं होतं. सणाला नेसलेलं, जरीकाठाचं.

कितीतरी वेळाने बुवांनी गाऱ्हाणं सुरू केलं. कुजबुजत. त्यांचा तसा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

‘‘बा देवा गणराया म्हाराजा...’’

‘‘होय म्हाराजा,’’ सगळे कुजबुजले.

‘‘ह्या घरातल्या चेडवान हौसेन पिल्लां वाढवल्यान हत म्हाराजा...’’

‘‘होय म्हाराजा.’’

‘‘जी गेली तेंका पायाशी घे, उरली तेंका हाताशी घे म्हाराजा...’’

‘‘होय म्हाराजा.’’

‘‘आणि चेडवाक निज लागली हा, ती मोडू नको रे म्हाराजा.’’

यावर ‘होय म्हाराजा’ आलं ते इतकं हलकं की मला ते कनातीच्या कापडातून गाळून आल्यासारखं वाटलं. त्यात भाईचा आवाज मला ओळखता आला. तो रडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा उजेड चढवला. मेलेली पिल्लं तळाशी होती, पांढरी पडलेली. तन्वीने चहाच्या गाळण्यासारख्या जाळीने ती वेचून तळहातावर घेतली, आणि बराच वेळ बघत राहिली. पांढऱ्या गोळ्यांसारखी दिसत होती ती. मला ते दिसलं आणि तिलाही दिसलं असणार. जाळीकडची टाकी जवळजवळ पुरती गेली, मधली निम्मी. भिंतीकडची वाचली. तिने मेलेली पिल्लं माडाच्या आळ्यात पुरली. भाईने त्या दिवशी मोदक खाल्ला नाही. नलू त्याला म्हणाली, ‘‘भाई, खावा हो. देवाचो आसा, पिल्लांचो नाय.’’

वाचलेल्या टाकीवर तन्वीने आपलं बोट धरून बघितलं. मी दाराआडून बघत होतो. बोटाएवढी झालेली नव्हती. अजून एक पेर कमीच होतं. चवथ होऊन गेली होती, आणि शब्द तिने स्वतः दिला होता.

साहेबांचा फोन आला तो गौरी जेवायच्या दिवशी. ती परसदारी पिल्लांच्या चाळण्या धूत होती. लहान-मोठी पिल्लं वेगळी करायच्या त्या चाळण्या. फोन खांद्याने कानाशी दाबून ती बोलली. नलू आतल्या दारात ताट घेऊन थांबली, मी कट्ट्यावर, भाई विहिरीपाशी. 

‘‘नाही सर,’’ ती म्हणाली. ‘‘नाही, जमणार नाही. हो, झोप आता लागते. तसं नाही सर.’’ थोडा वेळ पलीकडचं ऐकलं. मग म्हणाली, ‘‘इथे संध्याकाळची मी लागते.’’

फोन ठेवून ती पुन्हा चाळणी घासायला लागली. नलूच्या हातातलं ताट कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. मी कट्ट्यावर पाय वर घेतले, कारण नसताना.

एका हॉलमधून ती सुटली, आणि तिने घरच्या सगळ्यांना दुसऱ्या हॉलमध्ये अडकवून ठेवलं, असं मी हल्ली लोकांना सांगतो. खोटं नाही ते. टाक्या वाढल्या. खाडीतले पिंजरेवाले येतात, बोटाएवढ्या पिल्लांच्या पिशव्या नेतात. जाळीला आता आतून काळे पडदे आहेत. भाई दर चवथीला निघण्याआधी मुंबईहून फोन करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘‘हॅलोजन खंय लपवलंस?’’ तन्वी कधी कधी पिल्लं पोचवायला विजयदुर्गापर्यंत जाते. मी कुठेही जात नाही. पावसाळ्यातले ते महिने मी या गोदामात, एका बटणाच्या लांबीएवढ्या प्रवासात काढतो. सुटकेची वाट बघतो असं म्हणावं, तर जत्रा सुरू झाल्या की पहिल्याच देवळापुढे लखलखाट करताना मला कसंतरी होतं. माणसांची तोंडं एकदम पांढरी पडलेली दिसतात, आणि नकळत मी कान देऊन ऐकतो, कुठे तांदूळ पडल्याचा आवाज येतोय का.

यंदा कणकवलीकडच्या एका मोठ्या मंडळाचा फोन आला. चवथीचं सबंध लायटिंग माझ्याकडे द्यायचं म्हणत होते. मोठं काम, नावाचं काम. तन्वी तिथेच होती, ती म्हणाली, ‘‘बाबा, जावा. मी आसंय मा हय.’’ मी फोनवर मराठी बदलली. म्हटलं, ‘‘नाही हो, जमायचं नाही. इथे संध्याकाळचा मी लागतो.’’

तिने माझ्याकडे बघितलं नाही. चाळणी घासत राहिली.

चवथीच्या तिन्हीसांजेला आता आमच्या वाडीत एक नवीच रीत पडली आहे. कुणी ठरवलेली नाही. सगळी घरं आपापल्या माळा जोडून, बटणाला हात लावून थांबतात. वाडी मिनिटामिनिटाने काळी होत जाते. मी आत बटण खाली आणतो. पिल्लं पांगतात, स्थिर होतात, किंचित खाली उतरतात. मग पडद्यापलीकडून बुवांचा आवाज येतो, जमेल तितका हळू.

‘‘वशा, निजली काय रे?’’

मी टाकीत बघतो. मग बालदीकडे बघतो. दिवसभर राबून ती बऱ्याचदा तिथेच लवंडलेली असते.

‘‘निजली,’’ मी म्हणतो.

मग एकेक घर लागतं. आधी बुवांचं, मग त्यांच्या शेजारचं, मग खाडीपर्यंत सगळी ओळ, लाल, हिरवी, निळी, जवळजवळ सगळ्या माझ्याच माळा. तिच्या शेजारी टेकून, पडद्याची कड बोटभर सारून मी त्या काळोखातून ते बघत बसतो. उठता येत नाही. धोतर पुन्हा तिच्या पाठीखाली आलेलं असतं.